बेपत्ता आणि बेवारस

(शिरपूर येथील एका वाचनालयात निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून संपादित.)

मंडळी, मालिका खुनी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे आधी तो माणूसच येतो. त्याचं डोकं कसं चालतं, तो असा का झाला, पोलिसांनी त्याला कसं गाठलं. मी खात्यात तीस वर्षांच्या वर काढली. त्यातली बरीच वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत, म्हणजे तुम्ही जिला एलसीबी म्हणता तिथे. तरी मालिका खुनी मी स्वतः कधी पकडलेला नाही, आणि तसा आव आणून तुमच्यापुढे उभं राहणं बरं नाही. मला बोलायचं आहे ते त्याच्या आधीच्या एका टप्प्याबद्दल. चार ठिकाणचे चार मृत्यू एकाच माणसाच्या हातचे आहेत, हे पोलिसांना कळतं कसं? आणि कित्येकदा वर्षानुवर्षं कळत का नाही? हे मी पुस्तकातून शिकलो नाही, एका चुकीतून शिकलो. चूक माझीच होती. तिथूनच सुरुवात करतो.

नोकरीची चार-पाच वर्षं झाली होती. मोबाइल अजून यायचे होते. तापीकाठच्या एका पोलीस स्टेशनला मी फौजदार होतो. श्रावणातला सोमवार होता, कानबाई, म्हणजे आपल्या खानदेशात श्रावणात बसवतात ती देवी, बोळवायला बायका नदीवर गेल्या होत्या. काठालगतच्या झुडपात त्यांना एका बाईचं प्रेत अडकलेलं दिसलं. पोलीस पाटलाने वर्दी दिली, मी गेलो. पाणी चढलेलं, प्रेत फुगलेलं, चेहरा ओळखू न येण्यासारखा. अकस्मात मृत्यू दाखल केला. खात्यात त्याला आम्ही एडी म्हणतो. पंच बोलावले, पंचनामा लिहिला. ‘अनोळखी स्त्री, वय अंदाजे २५ ते ३०, रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट, अंगावर हिरवं लुगडं, डाव्या हातावर गोंदण.’ डॉक्टरांनी तिथेच काठावर पोस्टमॉर्टेम केलं, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले पोटातले अवयव, राखून ठेवला. शेजारच्या पोलीस स्टेशनांना वायरलेसवर मेसेज गेला. दोन दिवस वाट पाहून आम्ही तिला पुरलं. त्या आठवड्यात पुराचा बंदोबस्त होता, कानबाईचा होता, पुढे पोळ्याचा होता. फाइल कपाटात गेली.

नऊ महिन्यांनी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला आपल्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी होतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नदीपलीकडच्या एका गावातली म्हातारी पोलीस स्टेशनच्या पायरीवर येऊन बसली. तिची लेक मागच्या आखाजीला आली होती, या आखाजीला आली नव्हती. सासरचे म्हणत, ती श्रावणातच घर सोडून गेली. म्हातारीने पलीकडच्या जिल्ह्यात मिसिंग दाखल केली होती. ती माझ्याकडे आली कारण बाजारात कुणीतरी तिला सांगितलं होतं की कानबाईला इकडे एक बाई सापडली होती. मी रजिस्टर काढलं, तिला वाचून दाखवलं. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “दादा, तिना हातवर भाऊनं नाव गोंदेल व्हतं. तुम्हीन दखं नही का?”

मी पाहिलं होतं. लिहिलं मात्र नव्हतं. ‘डाव्या हातावर गोंदण’ एवढंच लिहून मी पुढच्या ओळीला गेलो होतो. पुढे पलीकडच्या स्टेशनचं मिसिंग रजिस्टर मागवून पाहिलं. त्यात होतं, ‘रंग सावळा, बांधा मध्यम, उंची पाच फूट.’ म्हणजे दोन जिल्ह्यांच्या दोन रजिस्टरांत एकाच बाईचं वर्णन शब्दाला शब्द सारखं होतं, आणि तरी ती दोन्हीकडे वेगवेगळी पडून राहिली. कारण सावळा रंग आणि मध्यम बांधा आपल्याकडच्या अर्ध्या बायकांचा असतो. तिला तिच्यापुरती वेगळी करणारी एकच खूण तिच्या हातावर होती, आणि ती दोन्ही रजिस्टरांतून सुटली होती.

ती पाण्यात पडली, तिने उडी घेतली की तिला कुणी लोटलं, हे आजही मला ठाऊक नाही. नऊ महिन्यांनी तपासाला हाताशी काय उरतं? हा मालिका खुनाचा प्रकार होता असं मी मुळीच म्हणत नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात पक्की झाली. एका स्टेशनच्या बेपत्ता रजिस्टरात जे माणूस असतं, तेच दुसऱ्या स्टेशनच्या बेवारस रजिस्टरात असू शकतं. या दोन रजिस्टरांमधल्या अंतरात कुणी हवं तितके दिवस निर्धास्त राहू शकतो. मालिका खुनी राहतो तो तिथेच.

हे किती खरं आहे याचं सगळ्यात भयंकर उदाहरण कर्नाटकातलं आहे. दक्षिण कन्नड जिल्ह्यातला मोहन कुमार नावाचा प्राथमिक शाळेतला शिक्षक. २००३ ते २००९ या काळात त्याने वीस तरुणींना मारल्याचं तपासात पुढे आलं. त्याची पद्धत ऐका, कारण सगळं मर्म तिच्यातच आहे. हुंड्यामुळे लग्न अडलेल्या गरीब घरच्या मुली तो हेरायचा. नाव, जात बदलून ओळख वाढवायचा, बिनहुंड्याचं लग्न करतो म्हणायचा आणि मुलीला दागिन्यांसकट दूरच्या शहरी न्यायचा. लॉजवर मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्थानकावर आणायचा, दागिने आपल्याकडे ठेवून घ्यायचा, गर्भ राहू नये म्हणून ही गोळी घे आणि ती स्वच्छतागृहात जाऊन घे, असं सांगायचा. गोळीत सायनाइड. मुलगी आतून कडी लावून घ्यायची.

आता पोलिसांच्या बाजूने पाहा. बसस्थानकाच्या स्वच्छतागृहात आतून कडी लावलेली, एकटी, अनोळखी तरुणी. अंगावर जखम नाही. त्या स्टेशनने काय नोंद करावी? अकस्मात मृत्यू, आत्महत्येचा संशय. प्रत्येक वेळी गाव वेगळं, बसस्थानक वेगळं, पोलीस स्टेशन वेगळं. आणि मुलीच्या गावी काय चाललेलं असे? पोर कुणाबरोबर तरी पळून गेली म्हणून घरचे मान खाली घालून गप्प. कित्येकांनी तक्रारच दिली नव्हती. इकडे बेपत्ता, तिकडे बेवारस. सहा वर्षं हेच चाललं.

२००९ साली एका मुलीच्या समाजाचे लोक गप्प बसले नाहीत, त्यांनी पोलीस स्टेशनवर धडक दिली. मग तपास पथकाने तिच्या फोनचे कॉल तपासले. त्यातला एक नंबर निघाला दुसऱ्या एका मुलीच्या नावावर, आणि तीही बेपत्ता. तिच्या कॉलमधून तिसरी. एका बेपत्ता मुलीचा धागा दुसरीकडे, दुसरीचा तिसरीकडे, असं करत ऑक्टोबर २००९ मध्ये ते त्याच्यापर्यंत पोचले. पुढे वेगवेगळ्या शहरांतल्या बसस्थानकांवरचे जुने अकस्मात मृत्यू उघडून बसावं लागलं. त्या नोंदी जागेवरच होत्या. एकमेकींशेजारी ठेवून त्या वाचल्या गेल्या नव्हत्या, एवढंच.

स्टीव्हन एगर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८४ मध्येच या दोषाला नाव दिलं होतं. मराठीत आपण त्याला जोड न दिसण्याचं आंधळेपण म्हणू. एकाच हाताने केलेले गुन्हे वेगवेगळ्या हद्दींत विखुरले की जो तो आपल्या वाट्याचा तुकडा बघतो. अमेरिकेच्या एफबीआयने २००५ साली जाणकारांची बैठक बोलावून व्याख्या ठरवली, ती अशी की एकाच गुन्हेगाराने वेगवेगळ्या प्रसंगी दोन किंवा जास्त माणसं मारली तर तो मालिका खून. आधी साधारण तीन धरत. संख्या दोनवर आणण्यामागचा हेतू मला पटतो. तिसऱ्या प्रेताची वाट पाहत बसायचं नसतं.

आता आपला मुलूख डोळ्यांपुढे आणा. शिरपूरहून उत्तरेला निघालात की पळासनेरनंतर मध्य प्रदेश लागतो. नवापूरची वेस ओलांडली की गुजरात. सुरत-भुसावळ लोहमार्ग नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव करत जातो. रुळांवर मिळालेलं प्रेत लोहमार्ग पोलिसांचं, रुळांपासून थोडं दूर मिळालं तर आपलं. मुंबई-आग्रा महामार्गावर रात्रभर ट्रक आणि त्यांना धरून ढाबे. आणि सगळ्यांच्या मधून वाहणारी तापी. ती मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून खानदेशात येते. हतनूर, मग सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बंधारे, पुढे गुजरातेत उकाई. वरच्या अंगाला पाण्यात पडलेलं प्रेत खाली कुठल्या दरवाजाला अडकेल याचा नेम नसतो. बंधाऱ्यावरच्या माणसांना हे चांगलं ठाऊक आहे. नदी हद्द मानत नाही, आमची रजिस्टरं मानतात.

माणसंही इथे सतत हलत असतात. सातपुड्यातून आणि खालच्या कोरडवाहू गावांतून दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळ्या जातात, बारडोलीकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे. केळीच्या भागात, रावेर-यावलला, बाहेरून मजूर येतात. सहा महिने घराबाहेर असलेली बाई बेपत्ता झाली हे घरी कळायलाच सहा महिने लागतात. टोळीच्या मुकादमाने सांगायचं, ती मध्येच निघून गेली. घरच्यांना वाटायचं, ती टोळीबरोबर आहे. अशा वेळी तक्रार कुठे द्यायची, कारखान्याच्या गावी की आपल्या गावी, हेही त्यांना उमगत नाही.

आता पथकाकडे येतो. एलसीबीचं पथक म्हणजे एक निरीक्षक, दोन-तीन फौजदार आणि दहा-पंधरा अंमलदार. त्यात एकाला तालुक्यातले सगळे जुने चोर चेहऱ्याने माहीत असतात, एकाला भिलोरी आणि पावरी बोली येते, एक सायबरचा, एक रायटर. लोकांना रायटर म्हणजे कारकून वाटतो. मी सांगतो, मालिकेच्या तपासात सगळ्यात मोलाचा माणूस रायटर. एमओबी, म्हणजे गुन्ह्याच्या पद्धतींची नोंद ठेवणारी शाखा, तिथे असा एक हवालदार मी पाहिलाय की घरफोडीचा पंचनामा वाचून तो म्हणायचा, साहेब, कुलूप या तऱ्हेने तुटलेलं मी दोन वर्षांपूर्वी चाळीसगावला वाचलंय. आणि खरोखर फाइल काढून दाखवायचा. आता सीसीटीएनएस आहे, सगळी पोलीस स्टेशनं संगणकाने जोडलेली आहेत, महाराष्ट्रात बोटांचे ठसे, चेहरा, डोळे एकत्र शोधणारी ॲम्बिस नावाची यंत्रणा आहे. पण संगणकात ‘बांधा मध्यम’ भरलं तर तो ‘बांधा मध्यम’च शोधून देणार.

तीन ठिकाणी सारखे गुन्हे झाल्याचा संशय आला की पथक तिन्ही ठिकाणांच्या त्या-त्या वेळच्या मोबाइल टॉवरचा डेटा मागवतं. हजारो नंबर येतात. तिन्ही यादींत जो नंबर आहे तो शोधायचा. शहरात हे बरं जमतं. सातपुड्याच्या पट्ट्यात टॉवर मोजके, एकाच टॉवरखाली कितीतरी पाडे, आणि सीमेवर फोन कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. तिथे पुन्हा पायाने फिरावं लागतं, बाजारच्या दिवशी.

बेवारस प्रेताबद्दल थोडं सविस्तर बोलतो, ऐकायला जड जाईल तरी. पाण्यात बराच काळ राहिलेल्या प्रेताची हाताची कातडी सुटते, हातमोज्यासारखी निघून येते. लोकांना वाटतं, आता ठसे गेले. गेलेले नसतात. अशा वेळी ठसेतज्ज्ञ ती कातडी स्वच्छ करतो, रबरी हातमोजा घातलेल्या आपल्या बोटावर ती चढवतो आणि शाई लावून ठसा घेतो. मेलेल्या माणसासाठी क्षणभर आपलं बोट द्यायचं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बाहेर येऊन बराच वेळ उभा होतो. कातडीही नसेल तर दाढ आणि मांडीचं हाड डीएनएसाठी ठेवायचं. दाढेच्या आत डीएनए फार दिवस टिकतो. हे सगळं करायला त्या दिवशी जागेवर असलेल्या माणसाच्या मनात एक विचार असावा लागतो, की या बाईचं कुणीतरी कुठेतरी वाट बघत असेल. नव्या कायद्यात, म्हणजे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जाणं बंधनकारक केलंय. चांगलं आहे. पण ते गुन्हा दाखल झाल्यावर. अकस्मात मृत्यूच्या पहिल्या सकाळी नदीवर फौजदार, हवालदार आणि पोलीस पाटील एवढेच असतात.

कागद जोडले नाहीत की मोठमोठी पथकंही कशी बुडतात, त्याचं उदाहरण इंग्लंडचं. यॉर्कशायर भागात पीटर सटक्लिफ नावाच्या ट्रकचालकाने १९७५ ते १९८० मध्ये तेरा बायकांना मारलं. त्याला शोधायला शेकडो पोलीस होते. चौकशीचं प्रत्येक टिपण कार्डावर लिहून ठेवत. त्या कार्डांचा डोंगर झाला. सटक्लिफची पोलिसांनी नऊ वेळा चौकशी केली होती. नऊ वेळा! दरवेळी वेगळे अधिकारी. आधीच्या चौकशीचं कार्ड पुढच्याच्या हाती वेळेवर आलं नाही. त्यात १९७९ मध्ये एक टेप आली, ‘मीच तो खुनी’ असं सांगणारी. त्या आवाजाची ढब इंग्लंडच्या ईशान्येकडची होती. वरिष्ठांनी टेप खरी मानली आणि ज्यांची बोलण्याची ढब तशी नाही ते बाजूला काढले. सटक्लिफही त्यांतच निघाला. टेप खोटी होती, ती करणारा माणूस २००५ साली डीएनएवरून सापडला.

सटक्लिफ कसा पकडला गेला? जानेवारी १९८१ मध्ये शेफिल्ड शहरात गस्तीवरच्या दोन साध्या पोलिसांनी उभी गाडी तपासली, नंबर प्लेट खोटी निघाली. पकडताना तो लघवीचं निमित्त करून तेलाच्या टाकीमागे गेला होता. त्याची चौकशी चालू आहे असं दुसऱ्या दिवशी कळल्यावर त्यांतल्या सार्जंटच्या मनात ती गोष्ट आली. तो पुन्हा त्याच जागी गेला, टाकीमागे पाहिलं. तिथे हातोडा आणि सुरा होता. त्या सार्जंटला पुन्हा जावंसं वाटलं, यावर सगळं फिरलं. आणि त्या तपासातला सगळ्यात वाईट भाग म्हणजे मेलेल्या बायकांपैकी काही देहविक्रय करणाऱ्या होत्या, म्हणून पहिली काही वर्षं त्यांच्या मृत्यूकडे वेगळ्या नजरेने पाहिलं गेलं. ‘निर्दोष’ बाई मेली तेव्हा गाव जागं झालं, असं त्या काळी उघड बोललं गेलं. मी विचारतो, बाकीच्यांचा दोष काय होता?

आपल्याकडच्या रामन राघवचं नाव सगळ्यांना माहीत आहे. साठच्या दशकात मुंबईत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेली माणसं त्याने मारली. १९६८ मध्ये पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रं होती. त्या वर्षी २७ ऑगस्टला उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी डोंगरीत त्याला ओळखून पकडलं. त्याने कबुली कशी दिली ते तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल, मी त्यात वेळ घालवत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की हा माणूस त्याआधीही पोलिसांच्या हाती आला होता, त्याची नोंद दप्तरी होती, आणि त्या नोंदीमुळेच तो पुढे ओळखता आला. त्याला फाशी झाली, पुढे तो गंभीर मनोरुग्ण असल्याचं तज्ज्ञांनी सांगितल्यावर उच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. १९९५ मध्ये तो मेला. त्याच्या हातून मेलेल्यांतल्या किती जणांची नावं आपल्यापैकी कुणाला सांगता येतील? मलाही येत नाहीत.

कबुलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं बसली आहेत. पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम २३ आहे. आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो, तोही पंचनामा चोख असेल तर. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात दहा खून झाले, त्यात लहान मुली होत्या. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १९७७ च्या निकालात न्यायालयाने माफीच्या साक्षीदाराच्या जबानीला स्वतंत्र दुजोरा लागतो यावर बोट ठेवलं. नोएडाजवळच्या निठारीचं तर तुम्ही टीव्हीवर पाहिलंच. डिसेंबर २००६ मध्ये नाल्यातून हाडं निघाली. त्याआधी कितीतरी महिने आईबाप पोरं हरवल्याची तक्रार घेऊन पोलीस चौकीच्या चकरा मारत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. मग कबुलीवर तपास उभा केला. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोन्ही आरोपींच्या फाशीच्या शिक्षा रद्द करून त्यांना निर्दोष सोडलं आणि तपासावर कडक ताशेरे ओढले. म्हणजे त्या मुलांना दोनदा न्याय नाकारला गेला. आधी बेपत्ता नोंदीच्या वेळी, नंतर पुराव्याच्या वेळी.

आता ज्या गोष्टीबद्दल बोलताना माझा आवाज चढतो ती. खुनी फिरतोय, पोरं पळवणारी टोळी आलीय, अशी हूल उठली की काय होतं ते आपल्या खानदेशाने पाहिलंय. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्यांचे निरोप फिरत होते. जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकलं. ज्यांना भीती वाटत होती की कुणी तरी आपल्या पोरांना मारील, त्यांनीच पाच घरांतली माणसं मारली.

भटक्या माणसांकडे गुन्हेगार म्हणून पाहण्याची ही नजर जुनी आहे. १८३० च्या दशकात कंपनी सरकारने स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली ठगांच्या मागे खातं लावलं. वाटसरूंना गळफास देऊन पुरणाऱ्या टोळ्या शोधायला त्याने माफीच्या साक्षीदारांच्या जबान्या एकमेकींशी जोडल्या, वंशावळी मांडल्या, प्रेतं पुरल्याच्या जागा नकाशावर आणल्या. कागद जोडण्याचं काम म्हणून ते मोठंच होतं, आणि पुढे १९०४ मध्ये तेच खातं गुप्तवार्ता खात्यात बदललं. पण वंशावळ मांडता मांडता गुन्हेगार जन्मानेच ठरतो ही समजूतही रुजली. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो जायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. कायदा गेला, पण अजूनही एखाद्या गावात खून झाला की पहिली जीप पारध्यांच्या वस्तीवर जाते. मी स्वतः अशा जीपमध्ये बसलेलो आहे. दोन दिवस निरपराध माणसांना बसवून ठेवलं की ते दोन दिवस खऱ्या गुन्हेगाराला मिळतात, आणि ती वस्ती नंतर आयुष्यभर आपल्याला एक शब्द सांगत नाही. मोहन कुमार शिक्षक होता. सटक्लिफ घर-संसार असलेला, नोकरीला जाणारा माणूस होता. त्यांच्या अंगावर जातीचा किंवा पालाचा शिक्का नव्हता, म्हणूनही ते इतके दिवस फिरले.

मघाशी मागे बसलेल्या एका ताईंनी चिठ्ठी पाठवली. विचारलंय की घरातलं कुणी हरवलं तर तक्रारीत लिहायचं काय, आणि पोलिसांनी चोवीस तास थांबा म्हटलं तर? ताई, चोवीस तास थांबा असं कुठल्याही कायद्यात नाही. अठरा वर्षांखालचं पोर हरवलं तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशाप्रमाणे अपहरणाचा गुन्हा धरूनच नोंद व्हायला हवी. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असं वाटलं तरी कुठल्याही पोलीस स्टेशनने तो शून्य नंबरने दाखल करून घ्यायचा असतो, नव्या संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. एफआयआरची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्या. ऊसतोडीला गेलेल्या माणसाची तक्रार आपल्या गावीही देता येते.

आणि लिहायचं काय? रंग, बांधा लिहू नका म्हणत नाही, पण ते शेवटी. आधी गोंदण. कुठल्या हातावर, मनगटाच्या वर की खाली, चित्र की अक्षर, अक्षर असेल तर कुठलं, देवनागरी की गुजराती. पडलेला दात, सोन्याची दाढ. भाजल्याचा वण, बाळंतपणाच्या टाक्यांची खूण. मोडून वाकडं जोडलं गेलेलं बोट. पायातल्या जोडव्यांची घडण, कारण आपल्या सोनाराची घडण आपला सोनार ओळखतो. लुगड्याला कुठे रफू केलंय. मोबाइल असेल तर त्याच्या खोक्यावरचा लांब नंबर. आणि हे सगळं बापाला नका विचारू, आईला विचारा, बहिणीला विचारा, तिच्याबरोबर नदीवर धुणं धुणाऱ्या बाईला विचारा.

दुसरी चिठ्ठी त्या म्हातारीबद्दल आहे, पुढे काय झालं म्हणून. पोस्टमॉर्टेमचे कागद मी पुन्हा काढले. मी जे लिहिलं नव्हतं ते डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं. डाव्या मनगटाच्या वर चार अक्षरं, बारीक, थोडी पुसट. त्यांनी ती जशीच्या तशी उतरवली होती. म्हातारीला वाचता येत नव्हतं, तिचा मुलगा बरोबर होता. त्याने कागद पाहिला, तोंडाने काही बोलला नाही, खिशातून आपलं रेशनकार्ड काढून माझ्यापुढे टेबलावर ठेवलं. ओळख पटल्याचा पुरवणी अहवाल मी त्याच आठवड्यात पाठवला. मृत्यूच्या दाखल्यावर ‘अनोळखी स्त्री’ जाऊन तिचं नाव चढायला मात्र पुढची आखाजी आली.